सूर्याच्या वादळाचा माग रेडिओने कसा काढतात

सूर्यावर स्फोट झाला की त्याचा लखलखाट आपल्यापर्यंत सव्वाआठ मिनिटांत पोचतो. त्या स्फोटात उडालेला पदार्थ मात्र बराच मागे असतो. अब्जावधी टन तापलेला, विद्युतभारित वायू आणि त्याच्यासोबत ओढत आणलेलं चुंबकीय क्षेत्र, असा हा लोट १५ कोटी किलोमीटरची वाट कधी १७-१८ तासांत काटतो, तर कधी चार दिवस घेतो. शास्त्रज्ञ त्याला कोरोनल मास इजेक्शन, म्हणजे थोडक्यात सीएमई म्हणतात. वाटेच्या सुरुवातीला काय घडलं ते सूर्याकडे रोखलेल्या दुर्बिणी सांगतात. वाटेच्या शेवटी, पृथ्वीच्या १५ लाख किलोमीटर अलीकडे एल-१ बिंदूपाशी, आपलं आदित्य-एल१ आणि इतर काही यानं उभी आहेत. पण लोट त्यांच्यावरून गेल्यावर तो पृथ्वीवर आदळेपर्यंत हाताशी उरतो तो फार तर तासभर.

प्रश्न आहे तो मधल्या वाटेचा. लोट किती वेगाने येतोय, वाटेत मंदावला का, दुसऱ्या एखाद्या लोटाने त्याला मागून गाठलं का? काही यानांवरचे कॅमेरे बाजूने पाहून हा लोट थोडाफार टिपतात, पण तो थेट आपल्या रोखाने येत असेल तर समोरून त्याचा वेग ठरवणं अवघड जातं. या वाटेवर सगळ्यात जुना आणि माझ्या मते आजही सगळ्यात कमी वापरला गेलेला साक्षीदार म्हणजे रेडिओ लहरी.

हे जाणून घेण्याची गरज किती जुनी आहे याची एक नोंद मुंबईत आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज निरीक्षकाला सूर्यडागांच्या एका मोठ्या गटावर अचानक पांढरा लखलखाट दिसला. साडेसतरा तासांनी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघालं. त्या वेळी कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राची नियमित मोजणी होत असे आणि तिथल्या नोंदवहीत क्षेत्राच्या आडव्या घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण उतरली. त्या वादळाची तीव्रता ठरवताना जगभरचे अभ्यासक आजही कुलाब्याच्या या आकड्यांकडे वळतात. तेव्हा नुकसान झालं ते तारयंत्रांचं. मार्च १९८९ मध्ये अशाच एका वादळाने कॅनडातल्या क्विबेक प्रांताची वीज नऊ तास गेली आणि सुमारे ६० लाख लोक अंधारात बसले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर अगदी साधं वादळ आलं होतं. तरी त्याने वरचं वातावरण फुगलं, हवेचा अडथळा वाढला आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी जवळजवळ ४० खाली येऊन जळाले.

रडारवरचा गोंधळ

सूर्य रेडिओ लहरी सोडतो हे कळलं ते युद्धाच्या धामधुमीत. फेब्रुवारी १९४२ मध्ये जर्मन नौदलाने ब्रिटिश रडार निकामी करून आपल्या मोठ्या युद्धनौका इंग्लिश खाडीतून सुखरूप काढून नेल्या होत्या. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २७ आणि २८ फेब्रुवारीला, ब्रिटनच्या किनाऱ्यावरची बरीच रडार पुन्हा एकदा गोंगाटाने भरून गेली. शत्रूचा नवा डाव म्हणून चौकशी सोपवली गेली जेम्स स्टॅन्ली हे (‘हे’ हे त्यांचं आडनाव) या भौतिकशास्त्रज्ञाकडे. वेगवेगळ्या ठिकाणच्या रडारचालकांनी गोंगाटाची जी दिशा लिहून ठेवली होती, ती दिवसभर सूर्याबरोबर सरकत होती. स्टॅन्ली हे यांनी ग्रीनिचच्या वेधशाळेकडे विचारणा केली, तेव्हा सूर्यबिंबाच्या मध्यावर सूर्यडागांचा एक प्रचंड गट आला असल्याचं समजलं. गोंगाट सूर्यावरूनच येतो हा त्यांचा निष्कर्ष बरोबर होता, पण युद्धकाळात तो गुप्त राहिला आणि १९४६ मध्ये जाहीरपणे छापला गेला.

हा प्रकार इतिहासजमा झालेला नाही. २३ मे १९६७ रोजी अमेरिकेची क्षेपणास्त्रांची पूर्वसूचना देणारी तीन रडारकेंद्रं एकाच वेळी अशीच आंधळी झाली. शीतयुद्धाचे दिवस होते. सूर्याचा अंदाज देणाऱ्या हवाई दलाच्या मोजक्या तज्ज्ञांनी वेळेत खरं कारण कळवलं म्हणून प्रकरण तिथेच थांबलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्वीडनच्या विमान वाहतुकीची रडार सूर्याच्या रेडिओ स्फोटाने बिघडली आणि काही काळ तिथलं आकाश विमानांना बंद करावं लागलं. म्हणजे या लहरी मोजण्याचा उद्देश दुहेरी आहे. एक तर त्या स्वतःच अडचण करतात, आणि दुसरं म्हणजे मागून काय येतंय ते सांगतात.

वारंवारतेवरून उंची

आता मुख्य गोष्ट. रेडिओ गोंगाट ऐकून सूर्यापासून अमुक उंचीवर काय चाललंय हे कसं कळतं?

खग्रास ग्रहणात काळ्या चंद्रबिंबाभोवती जी पांढरी आभा दिसते ते सूर्याचं प्रभामंडल. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास, पण प्रभामंडल दहा लाख अंशांहून जास्त तापलेलं. इतक्या उष्णतेत अणू शाबूत राहत नाहीत. इलेक्ट्रॉन सुटे होतात, मागे प्रोटॉन आणि इतर धनभारित आयन उरतात. सुट्या भारांच्या या मिश्रणाला प्लाझ्मा म्हणतात.

समजा, कशाने तरी इलेक्ट्रॉनांचा एक थर किंचित बाजूला सरकला. मागे राहिलेले प्रोटॉन त्यांना परत ओढतात. इलेक्ट्रॉन परत येतात, वेगात असल्यामुळे मूळ जागा ओलांडून पलीकडे जातात आणि पुन्हा ओढले जातात. ही ये-जा सेकंदाला किती वेळा होणार हे ठरवते एकच गोष्ट: तिथे इलेक्ट्रॉनांची दाटी किती आहे. या ये-जा करण्याच्या वारंवारतेला प्लाझ्मा वारंवारता म्हणतात. तिचं गणित तोंडी करता येतं. एका घन सेंटिमीटरमध्ये जितके इलेक्ट्रॉन असतील त्या संख्येचं वर्गमूळ काढायचं आणि ९ ने गुणायचं. उत्तर किलोहर्ट्झमध्ये मिळतं.

करून पाहू. प्रभामंडलाच्या खालच्या भागात एका घन सेंटिमीटरमध्ये साधारण १० कोटी इलेक्ट्रॉन असतात असं धरा. वर्गमूळ १०,०००. गुणिले ९ म्हणजे ९०,००० किलोहर्ट्झ, अर्थात ९० मेगाहर्ट्झ. आपली एफएम स्टेशनं याच पट्ट्यात लागतात. वर जावं तशी दाटी झपाट्याने कमी होते आणि वारंवारताही उतरते. पृथ्वीजवळ पोचेपर्यंत घन सेंटिमीटरला जेमतेम पाच-दहा इलेक्ट्रॉन उरतात आणि वारंवारता २०-३० किलोहर्ट्झवर येते.

स्फोटातून सुटलेले वेगवान इलेक्ट्रॉन किंवा स्फोटाच्या पुढे धावणारी आघात लाट या प्लाझ्मामधून जाते तेव्हा ती जागोजागच्या इलेक्ट्रॉनांना असं डोलायला लावते आणि त्या डोलण्यातली थोडी ऊर्जा रेडिओ लहरी होऊन बाहेर पडते. तिची वारंवारता त्या जागेची प्लाझ्मा वारंवारता असते किंवा तिच्या दुप्पट. म्हणून ९० मेगाहर्ट्झवर काही वाजलं तर ते कुठल्या उंचीवर वाजलं याचा अंदाज बांधता येतो. तेच पुढच्या क्षणी ८० वर, मग ७० वर ऐकू आलं तर वाजवणारी वस्तू वर चढते आहे. किती वेळात किती उतरलं यावरून चढण्याचा वेग. दूरच्या वस्तूचं चित्रही न काढता, फक्त वारंवारतांचा आलेख पाहून तिचा वेग सांगता येतो. भौतिकशास्त्रातल्या फार थोड्या युक्त्या मला इतक्या सुंदर वाटतात.

१९५० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात पॉल वाइल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे आलेख सतत काढायला सुरुवात केली आणि स्फोटांचे प्रकार पाडले. त्यांनी दिलेले क्रमांक आजही तसेच चालतात. आपल्या कामाचे मुख्यतः दोन. तिसऱ्या प्रकारात वारंवारता काही सेकंदांत कोसळते. ही सूर्यापासून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या झोताची खूण. हे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या एक दशांश ते एक तृतीयांश वेगाने निघतात आणि त्यांतले चपळ अर्ध्या-पाऊण तासात पृथ्वीच्या कक्षेपर्यंत येतात. दुसऱ्या प्रकारात वारंवारता सावकाश, मिनिटामिनिटांनी उतरते. ही आघात लाटेची खूण, आणि बहुतेक वेळा तिच्या मागे सीएमई असतो.

दुसऱ्या प्रकाराचं एक उदाहरण घेऊ. समजा आलेखावरची पट्टी पाच मिनिटांत ८० वरून ४० मेगाहर्ट्झवर आली. वारंवारता निम्मी म्हणजे दाटी एक चतुर्थांश. प्रभामंडलातली दाटी उंचीप्रमाणे कशी घटते याची काही प्रारूपं आहेत. त्यांतल्या एका जुन्या, बरंच वापरल्या जाणाऱ्या प्रारूपाप्रमाणे या घसरणीसाठी लाटेला सुमारे दोन लाख किलोमीटर चढावं लागतं. पाच मिनिटांत दोन लाख, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७०० किलोमीटर. अशा आलेखात बऱ्याचदा एकाच वेळी दोन समांतर पट्ट्या दिसतात, एक दुसरीच्या साधारण दुप्पट वारंवारतेवर. त्या दिसल्या की लहरी प्लाझ्माच्या डोलण्यातूनच आल्यात याबद्दल शंका उरत नाही.

यात एक कच्चा दुवा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. दाटीचं प्रारूप बदललं की वेगही बदलतो. शिवाय आघात लाट सीएमईच्या टोकाशीच वाजते असं नाही, कधी ती त्याच्या कुशीला वाजते आणि तिरकी चढत असते. म्हणून नुसत्या आलेखावर थांबता येत नाही, लाट आकाशात नेमकी कुठे आहे हे दाखवणारं रेडिओ चित्रही हवं. असं चित्र काढणारा एक संच बंगळुरूच्या उत्तरेला गौरीबिदनूर इथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेने उभारला आहे. १९९७ पासून तो काम करतो.

स्फोटांच्या या प्रकारांत एका भारतीयाचीही भर आहे. १९५६ मध्ये तरुण गोविंद स्वरूप अमेरिकेत टेक्ससमधल्या फोर्ट डेव्हिस इथल्या हार्वर्डच्या केंद्रावर काम करत होते. तिथे त्यांना आणि ॲलन मॅक्सवेल यांना एक वेगळाच स्फोट सापडला. त्याची वारंवारता आधी उतरली आणि मग पुन्हा चढली. इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकीय कमानीवरून वर गेला आणि पलीकडच्या बाजूने खाली आला, असा त्याचा अर्थ. इंग्रजी यू अक्षरासारख्या आलेखामुळे त्याला यू प्रकार म्हणतात.

जमिनीवरून हे सगळं साधारण १० मेगाहर्ट्झपर्यंतच पाहता येतं. त्याखालच्या लहरी पृथ्वीचं आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, परतवून लावतं. कारण तेच, आयनांबरही प्लाझ्मा आहे. सीएमई सूर्यापासून दोन-तीन सौरत्रिज्या वर गेला की त्याचा आवाज जमिनीला ऐकू येईनासा होतो आणि पुढची वाट अवकाशातूनच ऐकावी लागते. १९९४ पासून विंड हे यान ते करत आलं आहे. नंतर स्टीरिओची जोडी, २०१८ मध्ये पार्कर आणि २०२० मध्ये सोलर ऑर्बिटर आलं. दोन-तीन यानांनी वेगवेगळ्या जागांवरून एकच स्फोट ऐकला की त्याची दिशाही काढता येते.

लुकलुकणाऱ्या क्वेसारवरून वाऱ्याचा वेग

आतापर्यंत पाहिले ते स्फोट. पण सूर्य एरवीही स्वस्थ नसतो. त्याच्यापासून सर्व दिशांना सतत प्लाझ्मा वाहत असतो, सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर वेगाने. हा सौरवारा. धूमकेतूंच्या शेपट्या सूर्यापासून लांब फेकल्या जातात त्यावरून लुडविग बिअरमान यांनी १९५१ मध्ये अशा प्रवाहाचा अंदाज केला. असा वारा का वाहायलाच हवा याचं गणित युजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये मांडलं. परीक्षकांना ते पटलं नव्हतं. ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’चे संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर होते, त्यांनी परीक्षकांचं मत बाजूला ठेवून तो लेख छापला. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाने वाटेत हा वारा सलग मोजला आणि पार्कर बरोबर ठरले. आजचं पार्कर यान त्यांच्याच नावाचं.

यान मोजतं ते जिथे असेल तिथला वारा. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधली सगळी जागा व्यापायची तर किती यानं पाठवणार? इथे रेडिओ खगोलशास्त्राने काढलेला मार्ग मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात मोजायचं यंत्र पृथ्वीवर आहे आणि दिवा कोट्यवधी प्रकाशवर्षांवर.

तारे लुकलुकतात आणि ग्रह सहसा लुकलुकत नाहीत हे आपण पाहतो. तारा बिंदूसारखा दिसतो, त्यामुळे हवेतले चढउतार त्याचा प्रकाश क्षणात इकडे, क्षणात तिकडे वळवतात. ग्रहाला थोडी रुंदी असते, त्यात हे सगळं मिसळून जातं. रेडिओतही असंच घडतं. आकाशातल्या ज्या रेडिओ स्रोतांचा गाभा अगदी लहान दिसतो, जसे क्वेसार (अतिदूरच्या दीर्घिकांचे प्रखर गाभे), त्यांच्या लहरी सौरवाऱ्यातून येताना सेकंदा-सेकंदाला कमीजास्त होतात. केंब्रिजमध्ये मार्गारेट क्लार्क यांच्या हे प्रथम लक्षात आलं आणि १९६४ मध्ये अँटनी ह्युइश आणि सहकाऱ्यांनी त्याचा उलगडा छापला. हवेच्या जागी इथे सौरवाऱ्यातल्या शंभरेक किलोमीटर आकाराच्या दाट-विरळ गुठळ्या असतात.

भर दुपारी विहिरीत डोकावलं तर स्वच्छ पाण्याच्या तळाशी उन्हाची जाळी हलताना दिसते. वरच्या लाटांनी कुठे ऊन एकवटतं, कुठे विरळ होतं, आणि लाटा सरकतात तशी जाळी सरकते. सौरवाऱ्यातल्या गुठळ्या क्वेसारच्या लहरींची अशीच जाळी पृथ्वीवर पाडतात आणि ती सौरवाऱ्याच्या वेगाने आपल्या अंगावरून सरकत जाते. दीडशे किलोमीटर अंतरावर दोन दुर्बिणी ठेवल्या तर तोच चढउतार एकीकडे आधी आणि दुसरीकडे सेकंदाच्या काही भागाने नंतर दिसतो. अंतर भागिले वेळ, मिळाला वेग. जपानमध्ये नागोया विद्यापीठाने अशा दुर्बिणींचं जाळं वर्षानुवर्षं चालवलं. दुर्बीण एकच असेल तर चढउतार किती भराभर होतात याच्या विश्लेषणावरून वेग काढतात. ते जास्त किचकट आहे, पण जमतं.

याच अभ्यासासाठी ह्युइश यांनी केंब्रिजबाहेर साडेचार एकरांवर २,०४८ अँटेना रोवून घेतल्या आणि त्या रोवणाऱ्यांत जोसलिन बेल ही विद्यार्थिनी होती. सूर्याच्या बाजूचे, म्हणजे मुख्यतः दिवसा समोर येणारे स्रोत जोरात लुकलुकायला हवेत. १९६७ मध्ये बेल यांना मध्यरात्री लुकलुकणारं काहीतरी दिसलं, जेव्हा सौरवाऱ्याचा परिणाम क्षीण असायला हवा. ते विसंगत वाटलं म्हणूनच त्या मागे लागल्या. तो पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक तालात रेडिओ स्पंदनं पाठवणारा तारा, निघाला. सौरवारा मोजायला बांधलेल्या दुर्बिणीने खगोलशास्त्राला अख्खी नवी शाखा दिली.

भारतात हे काम उटीला झालं आणि ते जागतिक दर्जाचं आहे. तिथली दुर्बीण १९७० मध्ये सुरू झाली. तीही गोविंद स्वरूप यांचीच कल्पना. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असा हा पन्हळीच्या आकाराचा परावर्तक डोंगराच्या अशा उतारावर बांधला की उताराचा कोन तिथल्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे ११ अंश भरावा. त्यामुळे दुर्बिणीचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो आणि ती नुसती एका अक्षाभोवती फिरवली की एखाद्या स्रोताचा माग साडेनऊ तास सलग ठेवता येतो. बांधली गेली ती चंद्राआड जाणाऱ्या स्रोतांचा आकार मोजायला. पण ३२६.५ मेगाहर्ट्झवर तिची संवेदनशीलता इतकी चांगली निघाली की सौरवाऱ्याच्या अभ्यासासाठी ती जणू घडवूनच घेतलेली असावी. पी. के. मनोहरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथून रोज शेकडो स्रोतांची लुकलुक नोंदली.

शेकडो कशाला? प्रत्येक स्रोताकडे जाणारी दृष्टिरेषा सूर्यापासून वेगळ्या अंतरावरून, वेगळ्या बाजूने जाते. एखादा स्रोत त्याच्या नेहमीच्या मानाने जास्त लुकलुकला, तर त्या रेषेवर काहीतरी दाट आलं आहे. आज या रेषेवर, उद्या जरा बाहेरच्या रेषेवर, असं पाहत गेलं की सीएमई अवकाशात कुठवर आलाय, पसरतोय कसा, मंदावतोय का, हे उलगडतं. सगळ्या रेषा एकत्र करून संगणकावर सौरवाऱ्याची त्रिमितीय रचनाही उभी करतात. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनमागेही हेच गणित असतं. मधल्या वाटेचा जो प्रश्न सुरुवातीला मांडला, त्याला जमिनीवरून दिलेलं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. त्याची अट एकच, सातत्य. दुर्बीण दुसऱ्या कामाला लावली आणि दोन दिवसांचा खंड पडला, तर नेमकं तेवढ्यात वादळ निघून जातं. म्हणून सौरवाऱ्यासाठीच राखून ठेवलेल्या दुर्बिणी जगाच्या वेगवेगळ्या रेखांशांवर असायला हव्यात असं मला ठामपणे वाटतं.

सौरवाऱ्याचं उलटं टोकही एकदा पाहायला मिळालं. ११ मे १९९९ रोजी पृथ्वीजवळ तो इतका विरळ झाला की घन सेंटिमीटरला एक कणही भरेना. वारा नाहीसा झाल्याची चर्चा झाली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या पी. जनार्दन आणि सहकाऱ्यांनी रेडिओ लुकलुकीवरून काढलेल्या वेगांचा आधार घेत या वाऱ्याचा माग मागे सूर्यापर्यंत नेला. तो सूर्यबिंबाच्या मध्याजवळच्या एका सक्रिय क्षेत्राला लागून असलेल्या छोट्या भागापाशी पोचला.

स्रोत नैसर्गिकच हवा असंही नाही. २०१५ च्या मे-जूनमध्ये मंगळ सूर्याच्या पलीकडे गेला होता, तेव्हा आपल्या मंगळयानाचे संदेश प्रभामंडलाच्या आरपार येत होते. त्या संदेशांच्या वारंवारतेत पडलेल्या बारीक थरथरीवरून भारतीय शास्त्रज्ञांनी सूर्याजवळच्या सौरवाऱ्याचा अभ्यास केला. संपर्कात येणारा व्यत्ययच तिथे मोजमापाचं साधन झाला.

कल्याणपासून मर्चिसनपर्यंत

सूर्याच्या रेडिओ अभ्यासाची भारतातली मोठी सुरुवात महाराष्ट्रात झाली, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. सिडनीजवळ पॉट्स हिल इथे सूर्याच्या निरीक्षणासाठी वापरलेल्या सहा फुटी ३२ तबकड्या ऑस्ट्रेलियाने भारताला भेट दिल्या होत्या. होमी भाभांच्या बोलावण्यावरून गोविंद स्वरूप १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९६५ मध्ये याच तबकड्या त्यांनी कल्याणजवळ मांडल्या. पूर्व-पश्चिम ६३० मीटर आणि उत्तर-दक्षिण २५६ मीटर अशी मांडणी होती. त्यांतून ६१० मेगाहर्ट्झवर शांत सूर्याची पाहणी झाली. पुढे उटी आणि नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण ज्या मंडळींनी उभारली, त्यांतल्या काहींचं शिक्षण कल्याणच्या या छोट्या संचावर झालं. जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या २५ किलोमीटरवर पसरलेल्या आहेत आणि मुख्यतः दूरच्या विश्वाकडे पाहतात. सूर्याकडेही त्या अधूनमधून वळतात. फ्रान्समधल्या नॉन्से इथल्या सौर रेडिओ संचाची मापं आणि जीएमआरटीची मापं एकत्र गुंफून प्रभामंडलाची बारकाव्यांनी भरलेली क्षणचित्रं काढली गेली आहेत.

सूर्याचं रेडिओ चित्र काढणं अवघड का? दूरची दीर्घिका तासन्‌तास तशीच असते, तेव्हा सावकाश मापं गोळा करता येतात. सूर्य सेकंदात बदलतो आणि एका वारंवारतेवरचं त्याचं रूप शेजारच्या वारंवारतेवर नसतं. म्हणजे दर सेकंदाला, दर वारंवारतेला वेगळं आणि पूर्ण चित्र हवं. त्यासाठी एकाच वेळी खूप अँटेना लागतात. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या जवळजवळ निर्मनुष्य मर्चिसन भागात २०१३ पासून चालू असलेली दुर्बीण या कामाला योग्य ठरली. ८० ते ३०० मेगाहर्ट्झमध्ये ती पाहते. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले दिव्य ओबेरॉय आणि त्यांचे विद्यार्थी तिच्या मापांवर बरीच वर्षं काम करत आहेत.

२०२० मध्ये सुरजित मंडल, ओबेरॉय आणि अतुल मोहन यांनी त्यातून एक महत्त्वाची गोष्ट समोर आणली. सूर्य अगदी शांत असतानाही त्याच्या बिंबावर सर्वत्र अतिशय क्षीण, सेकंदभर किंवा त्याहून कमी टिकणारे रेडिओ ठिपके उमटत असतात. पृष्ठभागापेक्षा प्रभामंडल इतकं तापलेलं का, हे कोडं फार जुनं आहे. असंख्य चिमुकल्या स्फोटांनी ते तापत असेल, अशी कल्पना १९८८ मध्ये मांडली तीही पार्कर यांनीच. हे चिमुकले स्फोट एकेकटे पकडणं क्ष-किरणांत फार कठीण, पण त्यांतून सुटणारे इलेक्ट्रॉन रेडिओत आपली खूण सोडतात. हे ठिपके त्या खुणा असू शकतात. प्रश्न सुटला असं त्यावरून म्हणता येणार नाही, पण पुरावा कुठे शोधायचा ती जागा सापडली आहे.

दिशा कुठली

येणाऱ्या सीएमईचा वेग कळला, वेळ कळली, तरी तो किती नुकसान करणार हे ठरत नाही. ते ठरतं त्याच्यासोबत आलेल्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवरून. सूर्याकडच्या बाजूला पृथ्वीचं क्षेत्र उत्तरेकडे रोखलेलं असतं. सीएमईमधलं क्षेत्र दक्षिणेकडे असेल तर दोन्ही एकमेकांत जोडली जातात आणि सौरवाऱ्याची ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडे असेल तर बराचसा मारा वळवला जातो. मे २०२४ मध्ये लागोपाठ निघालेले अनेक सीएमई पृथ्वीवर आदळले, दक्षिणमुखी क्षेत्राने आपलं काम केलं आणि लडाखमध्ये हानलेहून तांबडा ध्रुवीय प्रकाश कॅमेऱ्यांत टिपला गेला. ती दिशा आधी कुणालाच सांगता आली नव्हती. आजही ती खात्रीने कळते ती एल-१ पाशीच.

इथे पुन्हा रेडिओकडेच पाहावं लागतं. सीएमईमध्ये अडकलेले वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेतात आणि अत्यंत क्षीण रेडिओ लहरी सोडतात. त्यांच्या वर्णपटावरून क्षेत्र किती बलवान आहे ते काढता येतं. १९९८ मधल्या एका सीएमईच्या कमानी नॉन्सेच्या संचाने अशा प्रकारे टिपल्या होत्या आणि पुण्याच्या गटाने मर्चिसनच्या मापांतून हे बरंच पुढे नेलं आहे. पण बळ म्हणजे दिशा नव्हे. दिशेसाठी दुसरा मार्ग आहे. दूरच्या स्रोतापासून येणारी ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारी, रेडिओ लहर चुंबकीय प्लाझ्मामधून जाते तेव्हा तिच्या कंपनाचं प्रतल फिरतं. क्षेत्र आपल्याकडे रोखलेलं असेल तर एका बाजूला, उलट असेल तर दुसऱ्या बाजूला. सीएमईच्या आरपार अशा अनेक दृष्टिरेषा मिळाल्या तर आतल्या क्षेत्राची पीळदार रचना तो वाटेत असतानाच उलगडावी, अशी आशा आहे. अडचण अशी की आपल्या डोक्यावरचं आयनांबरही त्याच लहरीचं प्रतल फिरवतं, तेही बऱ्याचदा सीएमईपेक्षा जास्त आणि दर काही मिनिटांनी बदलत. तेवढा भाग अचूक वजा केल्याशिवाय उरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. सध्या मर्चिसनमध्ये आणि युरोपातल्या लोफार या दुर्बिणीवर ही वजाबाकी पक्की करण्याचं काम चालू आहे.